विमानाचे कान आणि केबिनमधला गोंगाट

‘फ्लाइट मोड’ न लावल्यामुळे प्रवासी विमान कोसळलं, असं आजवर एकाही अपघाताच्या तपासात सिद्ध झालेलं नाही. आणि तरीही ती सूचना दिल्याशिवाय विमान जागचं हलत नाही. त्यामुळे या विषयावर दोन टोकांची माणसं भेटतात. एकाला शेजाऱ्याचा फोन वाजला की घाम फुटतो. दुसरा म्हणतो, सगळं थोतांड आहे हो, खरंच धोका असता तर फोन विमानात चढूच दिले नसते. दोघांचंही थोडंथोडं चुकतं. फोनमुळे विमान पडत नाही, पण विमानाला नीट ऐकू येणं बंद होऊ शकतं, आणि कधी होईल हे आधी सांगता येत नाही. खरी गोम या शेवटच्या वाक्यात आहे.

विमान ऐकतं म्हणजे काय? मोठ्या प्रवासी विमानाच्या अंगावर दहा-वीस तरी अँटेना असतात. वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रण कक्ष यांचं बोलणं ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं, आणि तेही जुन्या आकाशवाणीच्या एएम पद्धतीनं. त्याच्या लगेच खाली, १०८ ते ११८ मेगाहर्ट्झमध्ये, व्हीओआर नावाचे जमिनीवरचे दिशादर्शक आणि धावपट्टीची मधली रेघ दाखवणारा लोकलायझर. उतरण्याचा कोन सांगणारा ग्लाइड स्लोप ३२९ ते ३३५ मेगाहर्ट्झला. जीपीएस १५७५ मेगाहर्ट्झला, त्याची अँटेना विमानाच्या पाठीवर. जमीन नेमकी किती फूट खाली आहे हे मोजणारा रेडिओ अल्टिमीटर ४.२ ते ४.४ गिगाहर्ट्झला, त्याची अँटेना पोटाखाली. हे सगळे रिसीव्हर एकाच वेळी जागे असतात आणि प्रत्येकाला बाहेरून येणारा अगदी बारीक आवाज टिपायचा असतो.

किती बारीक? लोकलायझरचंच उदाहरण घेऊ, कारण केबिनमधल्या यंत्रांशी सगळ्यात जास्त भांडण त्याचंच झालं आहे.

धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाला, विमान जिथे थांबतं त्याच्याही पुढे, अँटेनांची एक लांब आडवी रांग असते. खिडकीशी बसणाऱ्यांनी ती पाहिलेली असते, पण कुंपणाचा भाग समजून सोडून दिलेली असते. ही रांग दोन सूर प्रक्षेपित करते, ९० हर्ट्झचा आणि १५० हर्ट्झचा. उतरणारं विमान मध्यरेषेच्या डावीकडे असेल तर त्याला ९० चा सूर जोरात ऐकू येतो, उजवीकडे असेल तर १५० चा. दोन्ही सारखे आले की विमान बरोबर मधोमध. कॉकपिटमधला काटा, किंवा आता पडद्यावरची छोटी खूण, फक्त या दोन सुरांमधला फरक दाखवते. ढगात काही दिसत नसताना शेदीडशे माणसं त्या फरकाच्या भरवशावर खाली येत असतात.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या मानकानुसार लोकलायझरच्या सेवाक्षेत्रात सिग्नलची तीव्रता मीटरला किमान ४० मायक्रोव्होल्ट असली पाहिजे. म्हणजे क्षेत्राच्या कडेला ती तेवढीच असू शकते आणि विमानाच्या रिसीव्हरनं तेवढ्यावर भागवायचं असतं. आता हा आकडा बाजूला ठेवून दुसरा पाहू. अमेरिकेत घरगुती वापराच्या लॅपटॉपसारख्या यंत्राला याच वारंवारतेच्या पट्ट्यात, ३ मीटर अंतरावर, मीटरला १५० मायक्रोव्होल्टपर्यंत नको असलेला रेडिओ गोंगाट करायला कायद्यानं मुभा आहे. यात लॅपटॉप बिघडलेला नाही की चोरबाजारातला नाही. रीतसर तपासून विकलेला लॅपटॉप, आणि त्याचा गोंगाट तीन मीटरवर लोकलायझरच्या किमान सिग्नलच्या जवळजवळ चौपट असू शकतो. ही मर्यादा आखताना डोळ्यासमोर होता तो शेजारच्या घरातला टीव्ही आणि रेडिओ. तीस-चाळीस फुटांवर अँटेना घेऊन उडणारं विमान कोणाच्या मनात नव्हतं.

अर्थात हिशेब इथेच थांबवला तर तो फसवा होईल. लॅपटॉप केबिनमध्ये असतो आणि अँटेना बाहेर. मध्ये अॅल्युमिनियमचा पत्रा आहे, आणि धातूच्या सलग पत्र्यातून रेडिओ लहरी जवळजवळ जात नाहीत. त्या जातात खिडक्यांमधून आणि दरवाज्यांच्या फटींमधून. मग विमानाच्या कातडीवरून सरपटत अँटेनापर्यंत पोचतात. या वाटेत त्यांचा जोर किमान हजारो पटींनी, बहुतेकदा लाखो पटींनी कमी होतो. नासानं २००० च्या दशकाच्या सुरुवातीला जमिनीवर उभ्या करून ठेवलेल्या बोइंग ७३७ आणि ७४७ विमानांत हे जागोजागी मोजून पाहिलं. एकेका खिडकीशी, एकेका दाराशी छोटा प्रक्षेपक धरायचा आणि बाहेरच्या अँटेनाला किती पोचतंय ते नोंदवायचं, असं ते कंटाळवाणं काम. त्यातून दिसलं की कोणत्या जागी बसलात यावर बरंच काही अवलंबून आहे. अँटेनाच्या जवळची खिडकी आणि मधल्या रांगेतली आतली सीट यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. एकाच कंपनीची, एकाच मॉडेलची दोन विमानंही अगदी सारखी वागत नाहीत, कारण दरवाज्याचं रबर कुठे किती झिजलंय हे प्रत्येकाचं वेगळं.

या वाटेला अभियंते ‘पुढचं दार’ म्हणतात, म्हणजे लहर अँटेनातून, राजरोस, रिसीव्हरमध्ये शिरते. ‘मागचं दार’ही असतं. केबिनच्या फरशीखालून, भिंतींच्या आतून मैलोगणती वायरी गेलेल्या असतात. फोनचा सिग्नल त्या वायरींवर चढून थेट यंत्रांच्या पोटात जातो. वैमानिकांच्या हेडफोनमध्ये येणारी टर्रटर्र ही मागच्या दाराची करामत.

ती टर्रटर्र आपल्याही ओळखीची आहे. साधा टूजी फोन स्पीकरजवळ ठेवला की कॉल येण्याआधी स्पीकर टर्र-टर्र-टर्र करतो, तीच. जुन्या जीएसएम पद्धतीत फोन सलग बोलत नाही. सेकंदाला सुमारे २१७ वेळा चालू-बंद होत, तुकड्या-तुकड्यांत प्रक्षेपण करतो. मूळ लहर ९०० मेगाहर्ट्झची, ती माणसाच्या कानाला ऐकू येणं शक्य नाही. पण चालू-बंद होण्याचा ठोका कानाच्या टप्प्यात येतो आणि स्पीकरच्या वायरीनं तो पकडला की आवाज होतो. वैमानिकानं नेमकं त्याच क्षणी ‘तीन हजार फुटांवर या’ हे ऐकायचं असेल तर? विमान पडणार नाही. तो म्हणेल, पुन्हा सांगा. मुंबईसारख्या ठिकाणी, जिथे एकाच वारंवारतेवर एकामागून एक विमानं बोलत असतात, तिथे ‘पुन्हा सांगा’ हीसुद्धा फुकटची गोष्ट नाही. फोरजी-फाइव्हजी फोन असा ठोका देत नाहीत, पण आपल्याकडे टूजी अजून गेलेलं नाही आणि सिग्नल हरवला की बरेच फोन परत त्याच्याकडेच वळतात.

सुरुवात ट्रान्झिस्टरपासून

फोन या गोष्टीत फार उशिरा आला. पहिला आरोपी होता खिशातला एफएम रेडिओ. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत प्रवासी ट्रान्झिस्टर घेऊन विमानात बसू लागले आणि वैमानिकांच्या तक्रारी आल्या की व्हीओआरचा काटा भलतीकडेच वळतोय. अनेकांना पटेना. रेडिओ तर फक्त ऐकतो, तो प्रक्षेपण कुठे करतो?

करतो, थोडंसं. रेडिओच्या आत एक छोटं मंडल स्वतःची लहर तयार करत असतं, त्याला लोकल ऑसिलेटर म्हणतात. आलेला सिग्नल या लहरीत मिसळून सोयीच्या वारंवारतेवर आणायचा, अशी ती युक्ती. जुन्या एफएम रेडिओत ही आतली लहर ऐकायच्या स्टेशनपेक्षा १०.७ मेगाहर्ट्झनं वर ठेवलेली असे. आता बेरीज करा. पुण्या-मुंबईत ज्या ९८.३ वर आपण गाणी ऐकतो तिथे काटा लावला की रेडिओच्या आत १०९.० मेगाहर्ट्झची लहर उठणार. १०९.० म्हणजे थेट व्हीओआर आणि लोकलायझरच्या पट्ट्यात. काटा ९७.३ ते १०७.३ च्या दरम्यान कुठेही न्या, उत्तर १०८ ते ११८ च्या दरम्यानच येतं. अर्धा एफएम बँड विमानाच्या दिशादर्शकांवर जाऊन बसतो, निव्वळ अंकगणितामुळे. १९६१ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनानं, म्हणजे एफएएनं, विमानात असे रेडिओ लावायला बंदी घातली. आजच्या फ्लाइट मोडच्या सूचनेची आजी ती.

पुढे हा नियम सगळ्याच हातातल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांना लागू झाला आणि त्याला चार अपवाद ठेवले गेले: आवाज टिपायचं यंत्र, श्रवणयंत्र, हृदयाचा पेसमेकर आणि इलेक्ट्रिक शेव्हर. पहिल्या तिघांचं समजू शकतं. शेव्हर मात्र मला कायम गमतीचा वाटत आला आहे. त्याच्या मोटरच्या ब्रशांमधून ठिणग्या उडतात, म्हणजे गोंगाटाच्या बाबतीत तो काही साधुसंत नाही. पण त्या काळचा विमानप्रवासी म्हणजे सुटाबुटातला, बैठकीच्या आधी दाढी करून उतरणारा गृहस्थ. त्याची सोय पाहिली असावी. अमेरिकेच्या नियमात तो अपवाद आजही आहे.

मग आले लॅपटॉप आणि हातातले व्हिडिओ गेम. यांत लोकल ऑसिलेटर नसला तरी घड्याळ असतं, म्हणजे प्रोसेसरला ठेका देणारा स्फटिक. या ठेक्याची लहर चौकोनी असते आणि चौकोनी लहरीबरोबर तिच्या पटीतल्या लहरीही फुकट येतात. २५ मेगाहर्ट्झचा ठेका असेल तर तिप्पट ७५ मेगाहर्ट्झ. ही धावपट्टीपासूनचं अंतर सांगणाऱ्या मार्कर बीकनची वारंवारता. जुन्या संगणकांतला ३३.३ मेगाहर्ट्झचा ठेका दहापट झाला की ३३३, आणि तिथे ग्लाइड स्लोप बसलाय. डब्याला धातूचं आवरण चांगलं असेल तर या लहरी आतच राहतात. फोन दोन-तीनदा आपटलेला असेल, आतली पातळ पत्र्याची जाळी सैल झाली असेल, किंवा गल्लीतल्या दुरुस्तीवाल्यानं ती परत नीट बसवलीच नसेल, तर बाहेर येतात. कारखान्यातून निघालेलं यंत्र आणि चार वर्षं वापरलेलं यंत्र एकच नसतं, आणि प्रमाणपत्र मिळतं ते पहिल्याला.

पुरावा हाती लागत नाही

आता मुख्य अडचण. वैमानिकांचे अहवाल तर आहेत. नासाच्या देखरेखीखाली अमेरिकेत एक यंत्रणा चालते, तिथे वैमानिक आपण होऊन, नाव गुप्त ठेवून घटना कळवतात. त्यातल्या एका नोंदीत दिशादर्शकात ३० अंशांची चूक दिसत होती. केबिनमधल्या एका प्रवाशानं डीव्हीडी प्लेअर बंद केल्यावर ती गेली. कुतूहल म्हणून त्याला परत लावायला सांगितलं, तर चूक परत आली. याहून स्वच्छ प्रयोग उडत्या विमानात करणं अवघड आहे.

पण असे अहवाल प्रयोगशाळेत नेले की विरघळून जातात. बोइंगचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. १९९५ मध्ये एका ७३७ विमानाचा ऑटोपायलट आपोआप सुटत होता आणि संशय एका लॅपटॉपवर होता. बोइंगनं सरळ त्या प्रवाशाकडून तो लॅपटॉप विकत घेतला. प्रयोगशाळेत मोजला तेव्हा विमानातल्या यंत्रांसाठी बोइंगनं स्वतः ठरवलेल्या मर्यादेपेक्षा त्याचा गोंगाट काही वारंवारतांवर खरोखर जास्त निघाला. मग तेच विमान, तोच लॅपटॉप, तशीच परिस्थिती घेऊन दोन उड्डाणं केली. काहीही झालं नाही. पुढे ७६७ विमानांबाबत एका लोकप्रिय हातातल्या गेमबद्दल आठ महिन्यांत पाच तक्रारी आल्या. तो गेमही तपासला. पुन्हा तेच, घटना परत घडवता आली नाही.

याचा अर्थ वैमानिक खोटं बोलत होते असा नाही. अडथळा घडायला किती गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात ते मोजा. यंत्राचा गोंगाट नेमका त्याच वारंवारतेवर पडला पाहिजे जी रिसीव्हरवर त्या घडीला लावलेली आहे, त्याच्या आसपास नव्हे. यंत्र गळक्या खिडकीजवळ हवं, बरोबर त्या कोनात धरलेलं हवं. जमिनीवरचा सिग्नल तेव्हा क्षीण हवा. एखाद्या वायरीचं आवरण सुटलेलं हवं. यातलं एक निसटलं की सगळं सुरळीत. म्हणून रोज लाखो प्रवासी फोन चालू ठेवून उतरतात आणि काही होत नाही. म्हणूनच एखाद्या दिवशी काहीतरी होतं आणि ते पुन्हा दाखवता येत नाही.

उलट बाजूही मान्य करायला हवी. विमानाची यंत्रं केबिनच्या मदतीशिवायही बिघडतात. काटा हलला, फोन बंद करायला लावले, काटा स्थिर झाला, यावरून फोनच दोषी होता हे ठरत नाही. तो तसाही स्थिर झाला असता. वैमानिकही माणूसच आणि त्याला लहानपणापासून सांगितलेलं असतं की फोन वाईट. अहवालांमध्ये हा कल किती मिसळलाय हे वेगळं काढता येत नाही.

प्रवासी सूचना पाळतात का, याचं उत्तर मात्र मिळालं. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००३ च्या अखेरीस हातातल्या बॅगेत वारंवारता मोजणारं यंत्र ठेवून नेहमीच्या प्रवासी विमानांतून प्रवास केला. दर उड्डाणात सरासरी एक ते चार फोन कॉल लागत असल्याचं त्यांना आढळलं, त्यातले काही विमान उतरण्याच्या टप्प्यात. तेव्हा बंदी कडक होती.

त्याच वर्षी न्यूझीलंडमध्ये एक अपघात झाला आणि तो या विषयातला सगळ्यात अस्वस्थ करणारा दाखला आहे. ६ जून २००३ च्या रात्री पाल्मर्स्टन नॉर्थहून क्राइस्टचर्चला येणारं दहा जणांचं छोटं पायपर विमान धावपट्टीच्या सुमारे दोन किलोमीटर अलीकडे झाडांवर आदळलं. आठ जण गेले. दृश्यमानता कमी होती, विमान उपकरणांच्या आधारे उतरत होतं आणि ठरलेल्या किमान उंचीच्या खाली गेलं. तपासात कळलं की वैमानिकाचा स्वतःचा मोबाइल शेवटची काही मिनिटं जोडलेला होता. वैमानिकानं उंची तपासली नाही, हे अपघाताचं मुख्य कारण ठरलं. फोनमुळे ग्लाइड स्लोपचं दर्शन चुकलं असण्याची शक्यता तपास संस्थेनं नोंदवली, पण त्यापलीकडे ती जाऊ शकली नाही. इथे फोन पंचविसाव्या रांगेत नव्हता, कॉकपिटमध्येच होता. अंतराला किती महत्त्व आहे हे ब्रिटनच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणानं त्याच वर्षी छापलेल्या चाचण्यांतून दिसतं. लहान विमानांत असतात तशी उपकरणं खोलीत मांडून, फोन पूर्ण ताकदीनं सुमारे ३० सेंटिमीटरवर असताना पडेल तेवढा जोर त्यांच्यावर टाकला. होकायंत्र अडकलं, व्हीओआरची दिशा काही अंशांनी सरकली, लोकलायझर रिसीव्हर बहिरट झाला. ती उपकरणं जुन्या मानकांवर बनलेली होती, हेही तितकंच खरं.

प्रश्न उलटा केला तेव्हा

जवळपास पन्नास वर्षं सगळे एकच प्रश्न विचारत राहिले: कोणतं यंत्र वाईट आहे? या प्रश्नाला उत्तर मिळणं शक्यच नव्हतं. दर महिन्याला बाजारात नवे फोन येतात, प्रत्येक विमानात ते नव्या जागी बसतात. सगळ्या जोड्या तपासायला आयुष्य पुरणार नाही. म्हणून १९९० च्या दशकात सरधोपट उपाय केला, १०,००० फुटांच्या खाली सगळंच बंद. चढताना आणि उतरताना वैमानिकाकडे चूक सावरायला वेळ कमी असतो, म्हणून तो टप्पा निवडला. पुस्तक वाचायच्या किंडलपासून लहान मुलाच्या बोलक्या खेळण्यापर्यंत सगळ्यांना एकच काठी.

सुटका झाली ती प्रश्न फिरवल्यावर. फोन किती गोंगाट करतो हे सोडा. हे विमान किती गोंगाट सहन करतं ते सांगा. फोन कोट्यवधी आहेत, विमानांचे प्रकार मात्र बोटांवर मोजण्याइतके.

याला एक जुना आधार मिळाला. १९८० च्या दशकापासून विमानात संगणकांच्या हाती नियंत्रण जाऊ लागलं, तशी बाहेरच्या शक्तिशाली रडार आणि प्रक्षेपण केंद्रांची भीती वाढली. त्यामुळे नव्या विमानांची महत्त्वाची यंत्रणा बाहेरून येणाऱ्या फार तीव्र रेडिओ लहरी सोसू शकते हे दाखवल्याशिवाय मान्यता मिळेनाशी झाली. ज्याला विमानतळावरच्या रडारचा मारा सोसतो त्याच्या वायरींना खिशातल्या फोनचं काय. मागचं दार असं बरंचसं बंद झालं. पुढच्या दारासाठी २००७ मध्ये अमेरिकेत वेगळं मानक आलं, त्यानुसार खिडक्यांतून अँटेनापर्यंत होणारी गळती मोजून विमान ‘सहनशील’ आहे असं ठरवता येतं.

दरम्यान, डिसेंबर २०११ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या वैमानिकांना कागदी नकाशांच्या जड बॅगांऐवजी कॉकपिटमध्ये आयपॅड वापरायची परवानगी मिळाली, अगदी उड्डाण आणि उतरण्याच्या वेळीसुद्धा. त्यासाठी रीतसर चाचण्या झाल्या होत्या आणि दोन आयपॅड म्हणजे दोनशे प्रवाशांची दोनशे वेगवेगळी यंत्रं नव्हेत. पण मागे बसलेल्या माणसाला हे कसं पटावं? तो विचारणारच, की काट्यांच्या शेजारी चालतं आणि माझ्या मांडीवर का चालत नाही. ३१ ऑक्टोबर २०१३ ला एफएएनं नियम सैल केला. विमान सहनशील आहे असं कंपनीनं दाखवलं तर फ्लाइट मोडमधलं यंत्र विमानात बसल्यापासून उतरेपर्यंत वापरता येईल. युरोपनंही पाठोपाठ तेच केलं. आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं, म्हणजे डीजीसीएनं, एप्रिल २०१४ मध्ये परवानगी दिली.

सगळं तपासून झालं होतं का? त्याच सुमाराला एक धक्का बसला. काही बोइंग ७३७ आणि ७७७ विमानांच्या कॉकपिटमधल्या हनीवेल कंपनीच्या एका पिढीतल्या पडद्यांवर वाय-फायच्या लहरींमुळे काही क्षण चित्रच दिसेनासं होतं, असं वाय-फाय बसवतानाच्या जमिनीवरच्या चाचण्यांत आढळलं. प्रवाशांच्या उपकरणांमुळे उडत्या विमानात असं झाल्याची नोंद नसल्याचं कंपनी सांगत होती. तरीही २०१४ मध्ये एफएएनं अमेरिकेतल्या सुमारे १३०० विमानांतले ते पडदे पाच वर्षांत बदलायला लावले. मला या प्रकरणात दिलासाच वाटतो. दोष दिसला तो विमान तपासताना. प्रवाशांच्या बॅगा उचकून तो कधीच सापडला नसता.

मग फ्लाइट मोड अजून का?

वाय-फाय आणि ब्लूटूथ चालतं, सिमचं नेटवर्क का नाही? यात दोन कारणं एकमेकांत गुंतली आहेत आणि त्यातलं एक विमानाचं नाहीच, जमिनीवरच्या टॉवरचं आहे.

१० किलोमीटर उंचीवरून क्षितिज सुमारे ३५० किलोमीटरवर असतं. पुण्याच्या माथ्यावरून जाणाऱ्या विमानातल्या फोनच्या नजरेच्या टप्प्यात उत्तरेला सुरत, दक्षिणेला पणजी आणि मधले मुंबई, नाशिक, सोलापूर, कोल्हापूर सगळं येतं. जमिनीवर फोनला दोन-चार टॉवर दिसतात आणि त्या हिशेबानंच एकच वारंवारता थोड्या अंतरावर पुन्हा पुन्हा वापरली जाते. वरून तो एकाच वेळी शेकडो टॉवरांच्या कामात लुडबुड करू शकतो. त्यात विमानाचा वेग सेकंदाला अडीचशे मीटर, म्हणजे हे टॉवरही सतत बदलत राहतात. अमेरिकेत विमानातून मोबाइल वापरायला १९९१ मध्ये जी बंदी आली ती दूरसंचार खात्याची होती आणि कारण हेच होतं.

दुसरं कारण फोनच्या स्वभावात आहे. टॉवरच्या अँटेना किंचित खाली झुकलेल्या असतात, आकाशाकडे नाही. वर त्यांचा सिग्नल तुटक-तुटक येतो. शिवाय जीएसएममध्ये ३५ किलोमीटरच्या पलीकडच्या टॉवरशी बोलणंच जमत नाही, वेळेचं गणित चुकतं. मग फोन ओरडतो. जवळच्या टॉवरशी कुजबुजत बोलणारा फोन नेटवर्क हरवलं की पूर्ण ताकदीवर जातो: जीएसएम ९०० मध्ये २ वॅट, फोरजीमध्ये सुमारे ०.२ वॅट. वाय-फायला ही अडचण नाही, राउटर छतात, चार-पाच मीटरवर.

म्हणूनच विमानात फोन चालू देण्याचा एक विचित्र वाटणारा मार्ग म्हणजे विमानातच छोटा टॉवर बसवणं. मार्च २००८ मध्ये एमिरेट्सनं तसं करून उडत्या विमानातून कॉल करू दिले. जवळ टॉवर दिसला की फोन शांत होतो आणि दोन वॅटवरून एक मिलिवॅटवर येतो. सोबतचं एक यंत्र केबिनमध्ये हलका गोंगाट पसरवतं, जेणेकरून फोनला जमिनीवरचे टॉवर ऐकूच येऊ नयेत. भारतात डिसेंबर २०१८ च्या नियमांनी ३,००० मीटरच्या वर अशा सेवांना वाट करून दिली.

अडथळ्याचा नवा वाद मात्र केबिनच्या बाहेर सुरू झाला. फाइव्हजीचे काही टॉवर ३.३ ते ३.९८ गिगाहर्ट्झमध्ये चालतात, आणि रेडिओ अल्टिमीटर ४.२ ला सुरू होतो. मधली मोकळी जागा जुन्या अल्टिमीटरांना कमी पडते, कारण ते बनवले तेव्हा शेजारी कोणी नव्हतं. अमेरिकेत जानेवारी २०२२ मध्ये यावरून उड्डाणं रद्द होण्यापर्यंत वेळ आली. आपल्याकडे दूरसंचार विभागानं नोव्हेंबर २०२२ मध्ये कंपन्यांना सांगितलं की धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून २.१ किलोमीटरपर्यंत आणि मध्यरेषेपासून ९१० मीटरच्या आत या पट्ट्यातले टॉवर लावू नका. विमानतळाजवळ राहणाऱ्यांना फाइव्हजी नीट मिळत नसेल तर कारण हे असू शकतं.

राहता राहिला एक प्रसंग, जिथे फ्लाइट मोडही पुरत नाही. हिवाळ्यातल्या दिल्लीसारखं दाट धुकं असेल तर विमान शेवटपर्यंत लोकलायझर, ग्लाइड स्लोप आणि रेडिओ अल्टिमीटरच्या जोरावर उतरतं. बाहेर काही दिसत नाही, म्हणजे काटा बरोबर आहे का हे डोळ्यांनी पडताळायची सोय नाही. ज्या विमानांची या कामासाठी पुरेशी तपासणी झालेली नाही, त्यांत कर्मचारी तेव्हा सगळी यंत्रं पूर्ण बंद करायला सांगतात, मग ती फ्लाइट मोडमध्ये असोत की नसोत.